मंत्रचळावर उपाय आहे, पण तो नेमका हवा

कळंब्याहून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जायला केएमटी बसने अर्धा तास पुरतो. गारगोटी रस्त्यावरचे हे गाव आता शहराला जवळपास चिकटलेच आहे. संस्थानकाळातला तलाव, मध्यवर्ती कारागृह आणि गेल्या काही वर्षांत वाढलेल्या कॉलन्या ही त्याची ओळख. पण एका आजाराच्या बाबतीत हेच अर्ध्या तासाचे अंतर कापायला माणसाला कित्येक वर्षे लागतात. वैद्यकीय भाषेत त्याला ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’ अर्थात ओसीडी म्हणतात. मराठीत त्याला जुना आणि चपखल शब्द आहे, मंत्रचळ.

उशीर होण्यामागे डॉक्टर नसणे हे एकमेव कारण नाही. बहुतेकांना आपल्याला आजार आहे हेच कळत नाही. ज्यांना कळते ते लाजेपोटी बोलत नाहीत. आणि जे धीर करून बोलतात, त्यांतल्या अनेकांना उपचार मिळतात खरे, पण या आजाराला लागू पडणारे मिळत नाहीत. ही तिसरी अडचण सर्वांत कमी बोलली जाते. झोपेची गोळी, दोन-चार समजुतीच्या गोष्टी, ‘मन दुसरीकडे गुंतवा’ असा सल्ला यांनी मंत्रचळ हटत नाही. वर्षभराने रुग्ण म्हणतो, ‘सगळं करून बघितलं, काही उपयोग नाही.’ प्रत्यक्षात जे करायला हवे होते ते अजून सुरूच झालेले नसते.

विचार आणि कृतीचे चक्र

या आजाराचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे नको असताना मनात पुन्हा पुन्हा घुसणारा विचार, चित्र किंवा ऊर्मी. दुसरा भाग म्हणजे त्या विचाराने आलेली अस्वस्थता घालवण्यासाठी केलेली कृती. दाराच्या कडीला हात लागला, जंतू आले, आता घरातले कोणीतरी आजारी पडणार, हा झाला विचार. साबण लावून सात वेळा हात धुणे ही झाली कृती. हात धुतल्यावर क्षणभर बरे वाटते. ते बरे वाटणे हाच सापळा असतो. धुतल्यामुळेच संकट टळले अशी मेंदू खूणगाठ बांधतो आणि पुढच्या वेळी शंका आणखी जोरात येते.

स्वच्छता हा या आजाराचा एकच चेहरा. गॅस बंद केला का, कुलूप लागले का, हे दहा वेळा पाहणारे असतात. ताटातली चमच्यापासून वाटीपर्यंतची मांडणी ‘बरोबर’ वाटेपर्यंत जेवू न शकणारे असतात. काहींची कृती बाहेरून दिसतच नाही. मनातल्या मनात आकडे मोजणे, ठरावीक वेळा नाव घेणे, बोललेले वाक्य पुन्हा पुन्हा तपासणे, हे सगळे आतल्या आत चालते.

सर्वांत जास्त छळणारे विचार माणूस कोणालाच सांगत नाही. अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत उभे असताना एखाद्या भाविकाच्या मनात देवीबद्दल अपशब्द येतात. नुकत्याच बाळंत झालेल्या आईला आपल्या हातून बाळाला इजा होईल असे वाटते आणि ती स्वयंपाकघरातली सुरी लपवून ठेवते. एखाद्या सज्जन माणसाच्या मनात किळसवाणे लैंगिक विचार येतात आणि आपण मुळातच वाईट आहोत असे त्याला वाटू लागते. असे विचार निरोगी माणसांच्या मनातही डोकावतात. ते आले तसे निघून जातात. मंत्रचळात माणूस त्यांना घाबरतो, त्यांच्याशी झुंजतो, म्हणून ते ठाण मांडून बसतात. ओसीडीतले हे विचार रुग्णाच्या स्वतःच्या मूल्यांच्या नेमके उलट असतात, म्हणून तर त्यांचा इतका त्रास होतो.

नीटनेटकेपणाची आवड आणि मंत्रचळ यांत गल्लत होऊ नये. घर टापटीप ठेवणाऱ्याला त्यात आनंद असतो. मंत्रचळ झालेल्याला आनंद नसतो, सुटकाही नसते. दिवसाचा तासाभरापेक्षा जास्त वेळ यात जात असेल, शाळा, नोकरी, संसार अडत असेल किंवा मनाला तीव्र यातना होत असतील, तर त्याला सवय न म्हणता आजार म्हणावे.

आजार दुर्मीळ नाही

२०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने देशातल्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या राज्यांत नव्हता, पण अंदाज घ्यायला ते आकडे पुरेसे आहेत. प्रौढांमध्ये ओसीडीचे प्रमाण साधारण ०.८ टक्के आढळले, म्हणजे हजारात सात-आठ जण. कळंब्यासारख्या काही हजार वस्तीच्या गावात असे रुग्ण बोटांवर मोजण्यापेक्षा अधिक निघतील. नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या मानसिक विकारांत सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचत नाहीत, असेही त्याच सर्वेक्षणात दिसले.

आजार बहुधा विशीच्या आत-बाहेर सुरू होतो. काही मुलग्यांत तो दहा वर्षांच्या आतही दिसतो. म्हणजे दहावी-बारावी, आयटीआय, पहिली नोकरी, लग्न, हीच वर्षे तो खातो. पेपरात एकेक ओळ पाच वेळा वाचल्यामुळे वेळ संपणारा विद्यार्थी ‘अभ्यासात कच्चा’ ठरतो. न्हाणीघरात दोन तास घालवणारी सून ‘हेकट’ ठरते.

आपल्याकडे सोवळे-ओवळे, विटाळ, शिवाशिव यांची परंपरा असल्याने आजार त्यांच्या आडोशाला सहज लपतो. आजी फार सोवळ्यातली आहे, एवढे म्हणून घर पुढे जाते. उलट देवाविषयी वाईट विचार येणाऱ्याला ‘बाहेरचं काही’ झाले असेल म्हणून देवऋषाकडे नेले जाते. श्रद्धा आणि आजार यांतला फरक ओळखता येतो. श्रद्धेने केलेल्या पूजेनंतर मन शांत होते. मंत्रचळात पूजा संपतच नाही. एक शब्द चुकला असेल या शंकेने ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते.

ज्या उपचाराने चित्र पालटले

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा आजार जवळजवळ असाध्य मानला जात होता. लहानपणीच्या आठवणी उकरणारे मनोविश्लेषण वर्षानुवर्षे चाले आणि हात धुणे तसेच राही. १९६६ मध्ये लंडनमधील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवरच्या वेगळ्या प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. रुग्णाला ज्याची भीती वाटते त्या गोष्टीला त्यांनी मुद्दाम सामोरे जायला लावले आणि नंतरची ठरलेली कृती करू दिली नाही. अस्वस्थता आली, वाढली आणि काही न करताच ओसरली. अपेक्षित संकट आलेच नाही. पुढे १९७४ मध्ये मेयर आणि सहकाऱ्यांनी अशा १५ रुग्णांचे अनुभव मांडले, त्यांतल्या १० जणांत लक्षणीय सुधारणा होती.

आज या पद्धतीला ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’, थोडक्यात ईआरपी, म्हणतात. सामोरे जाणे आणि कृती रोखणे हे तिचे दोन पाय. एका पायावर ती चालत नाही. केएमटीच्या बसमधल्या दांड्याला हात लावला, पण घरी येऊन अर्धा तास आंघोळ केली, तर मेंदू काहीच नवे शिकत नाही.

उपचार सुरू करताना रुग्ण आणि थेरपिस्ट मिळून भीतीची एक यादी करतात. प्रत्येक गोष्टीला शून्य ते शंभर असे गुण देतात. स्वतःच्या घराच्या दाराची कडी ३० गुणांची असेल, दुकानातून घेतलेली सुटी नाणी ५० ची, एसटी स्टँडवरचा नळ ९० चा. सुरुवात सोप्या पायरीपासून होते. कडीला हात लावायचा, हात न धुता बसायचे आणि अस्वस्थता किती आहे ते दर पाच मिनिटांनी सांगायचे. पहिल्या दिवशी ती उतरायला तास लागेल, चौथ्या दिवशी कदाचित वीस मिनिटे. मग पुढची पायरी. तपासणीचा मंत्रचळ असेल तर गॅस एकदाच पाहून घराबाहेर पडायचे आणि ‘बंद केला नसेल तर?’ ही शंका सोबत घेऊनच कामाला जायचे. मनातल्या विचारांचा त्रास असेल तर तो विचार कागदावर लिहून पुन्हा पुन्हा वाचायचा, त्याला उत्तर द्यायचे नाही.

हे ऐकायला क्रूर वाटते. म्हणूनच ते रुग्णाच्या संमतीने, टप्प्याटप्प्याने आणि जाणकाराच्या हाताखाली करायचे असते. कोणी फसवून, दटावून किंवा एकदम शेवटच्या पायरीवर ढकलून केले तर रुग्ण उपचारच सोडतो. साधारण १२ ते २० बैठका आणि त्यांच्या मधल्या दिवसांत रोजचा घरचा सराव, असे त्याचे स्वरूप असते. खरा उपचार घरच्या सरावातच होतो. बैठकीत शिकलेले कळंब्याच्या घरात, स्वतःच्या मोरीवर, स्वतःच्या देव्हाऱ्यापुढे करून पाहावे लागते.

औषधांचे गणित वेगळे

मंत्रचळावर औषधेही काम करतात. क्लोमिप्रामिन हे नैराश्यावरचे औषध यात गुणकारी ठरते, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आले. नंतर मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्झामिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम ही औषधे आली. त्यांचे दुष्परिणाम तुलनेने कमी असल्याने आज सुरुवात त्यांच्यापासून होते आणि क्लोमिप्रामिन सहसा नंतर वापरले जाते.

इथे दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात, कारण याच ठिकाणी अनेकांचे उपचार फसतात. पहिली गोष्ट डोसची. याच औषधांची नैराश्यात जी मात्रा पुरते, त्यापेक्षा मंत्रचळात बऱ्याचदा जास्त लागते. उदाहरणार्थ, सर्ट्रालिन २०० मिलिग्रॅमपर्यंत वाढवावे लागू शकते. हा निर्णय मानसोपचारतज्ज्ञानेच घ्यायचा. दुसरी गोष्ट वेळेची. औषधाचा खरा परिणाम कळायला पुरेशा मात्रेत ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून औषध सोडणे किंवा डॉक्टर बदलणे म्हणजे पेरणी करून आठवड्याने शेत नांगरून टाकण्यासारखे आहे.

गुण आल्यावर किमान एक-दोन वर्षे औषध चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. ते अचानक बंद केले तर आजार उलटण्याची शक्यता बरीच असते. कमी करायचे तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. ही औषधे व्यसन लावत नाहीत. झोपेच्या व चिंता दाबणाऱ्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते आणि मूळ मंत्रचळावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. नुसत्या अशाच गोळ्यांवर वर्षे काढणाऱ्यांनी एकदा दुसरे मत घ्यावे.

आकडे काय सांगतात

२००५ मध्ये अमेरिकेत एडना फोआ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १२२ प्रौढ रुग्णांचे चार गट होते. ईआरपी घेतलेल्यांपैकी ६२ टक्के, क्लोमिप्रामिन घेतलेल्यांपैकी ४२ टक्के, दोन्ही एकत्र घेतलेल्यांपैकी ७० टक्के रुग्णांना चांगला गुण आला. औषधाचा अंश नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण केवळ ८ टक्के होते. त्याआधी २००४ मध्ये ७ ते १७ वयाच्या ११२ मुलांवर झालेल्या अभ्यासात थेरपी आणि सर्ट्रालिन एकत्र मिळालेल्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के जवळपास लक्षणमुक्त झाली. फक्त थेरपी मिळालेल्यांत हा आकडा ३९ टक्के, फक्त औषध मिळालेल्यांत २१ टक्के होता.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. ज्या आजाराला लोक ‘स्वभाव’ म्हणून सोडून देतात, त्यात निम्म्याहून अधिक रुग्णांना ठोस फरक पडू शकतो. आणि फक्त गोळ्यांवर थांबणाऱ्याला, विशेषतः मुलांना, हाती असलेल्या उपायांतला मोठा भाग मिळतच नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतच मेंदूच्या प्रतिमा तपासून झालेल्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. फ्लुओक्सेटिनने गुण आलेल्या आणि वर्तनोपचाराने गुण आलेल्या, दोन्ही रुग्णांत मेंदूच्या एकाच भागातली अतिरिक्त हालचाल कमी झाली होती. बोलण्याचा आणि सरावाचा उपचार ‘नुसता मनाचा’ नसतो, तो मेंदूपर्यंत पोचतो.

घरच्यांचे प्रेम आजाराला बळ देते तेव्हा

रुग्णाची तगमग पाहवत नाही म्हणून घरचे मदत करतात. आई बाहेरून येताच मुलाच्या सांगण्यावरून कपडे बदलते. नवरा रात्री उठून कुलूप पाहून येतो आणि ‘हो, लागलंय’ असे दहाव्यांदा सांगतो. उन्हाळ्यात कळंबा तलावाचा तळ दिसू लागला, नळाला पाणी कमी आले, तरी एकाच्या हात धुण्यासाठी वेगळी बादली राखून ठेवली जाते. हेतू मायेचा असतो. पण प्रत्येक दिलासा आजाराच्या चक्राला आणखी एक फेरा देतो.

याचा अर्थ उद्यापासून सगळे एकदम बंद करावे असा नाही. तसे केल्याने घरात भांडणे होतात. थेरपिस्टच्या सल्ल्याने, रुग्णाशी आधी ठरवून, एकेक मदत कमी करत जावी. दहावेळा मिळणारे उत्तर आधी पाचवर, मग एकावर आणावे. ‘कुलूप लागलंय का?’ या प्रश्नावर ‘हा प्रश्न आजार विचारतोय, आपण उत्तर द्यायचं नाही असं ठरलंय ना?’ असे शांतपणे म्हणता येते. टोमणे, थट्टा, ‘तुला मुद्दामच करायचं असतं’ ही वाक्ये मात्र पूर्ण टाळावीत. आपल्या कृतीत तर्क नाही हे बहुतेक रुग्णांना कळत असते. थांबता येत नाही, हेच त्यांचे दुखणे असते.

कोणाकडे जावे, काय विचारावे

कोल्हापूर परिसरातल्या रुग्णाने सुरुवात सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापासून करता येते. हे रुग्णालय राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. शहरात खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. मंत्रचळासाठी मनोरुग्णालयात भरती व्हावे लागेल ही भीती बहुतेकांच्या बाबतीत निराधार असते. हा आजार मुख्यतः बाह्यरुग्ण विभागात येऊन-जाऊन बरा करायचा असतो.

औषधे लिहून देणारे डॉक्टर मिळतात, ईआरपी येणारा मानसशास्त्रज्ञ मात्र सहज मिळत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत काही साधे प्रश्न विचारावेत. तुम्ही मंत्रचळासाठी ईआरपी करता का? भीतीची यादी करून पायऱ्यांनी सराव घेता का? घरी करायचा अभ्यास देता का? प्रगती कशी मोजता? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे आहे. १९८९ मध्ये तयार झालेली येल-ब्राउन ही दहा प्रश्नांची मोजपट्टी यासाठी जगभर वापरतात. तिचे गुण शून्य ते ४० असतात. उपचारांनी हे गुण ३५ टक्क्यांहून अधिक उतरले तर चांगला प्रतिसाद मानतात. ‘बरं वाटतंय का?’ या मोघम प्रश्नापेक्षा २८ चे १५ झाले, हे रुग्णाला आणि घरच्यांनाही धीर देणारे असते. ‘फक्त बोलून मन मोकळे करू’ एवढेच उत्तर मिळाले, तर तो सल्लागार चांगला असूनही या आजारासाठी पुरेसा नाही असे समजावे.

जवळ असा जाणकार नसेल तर व्हिडिओ कॉलवरूनही ईआरपी परिणामकारक होते, असे अभ्यासांत दिसले आहे. रुग्ण स्वतःच्या घरातच असल्याने सरावाला त्याचा फायदाही होतो. किचकट रुग्णांसाठी पुणे-बंगळूर महामार्गाने सुमारे ६०० किलोमीटरवर असलेल्या निम्हान्समध्ये ओसीडीचे स्वतंत्र क्लिनिक चालते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतूनही बोलता येते. आत्महत्येचे विचार येत असतील तर वाट न पाहता या क्रमांकावर फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावे.

खर्चाबाबतही एक तरतूद माहीत असावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण देणे बंधनकारक आहे. पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च येतो का, हे मात्र तपासून घ्यावे.

पहिल्या औषधाने गुण आला नाही तर

पहिल्या औषधाने गुण न येणे म्हणजे रस्ता संपला असे नाही. त्याच गटातले दुसरे औषध लागू पडू शकते. त्यानंतर क्लोमिप्रामिन आहे. सोबतीला रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्रॅझोलसारख्या औषधाची लहान मात्रा देता येते. औषधे चालू असताना ईआरपीची जोड दिली नसेल, तर तीच आधी द्यावी. याही पलीकडे, डोक्यावरून चुंबकीय लहरी देण्याची पद्धत आणि अगदी मोजक्या, वर्षानुवर्षे न हटणाऱ्या आजारात मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया असे पर्याय आहेत. फार थोड्यांवर तिथवर जायची वेळ येते.

‘पूर्ण बरा होईन का?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. प्रामाणिक उत्तर असे, की काहींची लक्षणे जवळजवळ नाहीशी होतात, अनेकांत ती इतकी कमी होतात की आयुष्य पुन्हा हातात येते, आणि परीक्षा, बाळंतपण, आजारपण अशा ताणाच्या काळात ती डोके वर काढू शकतात. ईआरपी शिकलेल्याला तेव्हा काय करायचे ते माहीत असते. शंका आली की तिला उत्तर न देता हातातले काम पुढे न्यायचे. ही एक सवय जमली की कडीला कुलूप लावून, एकदाच पाहून, माणूस वेळेवर बस गाठू शकतो.